'सहा महिन्यांनी परत या': एका वाक्याचा इतिहास

आज आम्ही तुम्हाला इतिहास सांगणार आहोत. वसईच्या किल्ल्याचा नाही, पेशव्यांचाही नाही. एका साध्या वाक्याचा इतिहास. ते वाक्य आहे, 'सहा महिन्यांनी परत या.'

छातीला गाठ लागली, दुखलं, किंवा शिबिरात तपासणी झाली आणि पुढे मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी केली, की कधी कधी रिपोर्टच्या शेवटी हे वाक्य येतं. कॅन्सर आहे असं त्यात लिहिलेलं नसतं, आणि नाही असंही छातीठोक लिहिलेलं नसतं. बाई कागद घेऊन घरी येते. घरातले विचारतात, काय म्हणाले डॉक्टर? तिला सांगता येत नाही.

आमच्या बचतगटांच्या बैठकीत हा विषय निघतो तेव्हा दोन तऱ्हा दिसतात. एक बाई घाबरते. बांगड्या गहाण ठेवायला निघते, तीन ठिकाणी तेच फोटो काढते, 'काय असेल ते कापून टाका' म्हणते. दुसरी म्हणते, 'काही असतं तर तेव्हाच बोलले असते.' कागद कपाटात साडीखाली जातो. मग भातलावणी येते, गणपती येतात, लेकीचं बाळंतपण येतं, आणि सहा महिन्यांची दोन वर्षं होतात. दोघींचं चुकतं कुठे? त्यांना हे वाक्य आलं कुठून, ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी जुन्या काळाकडे जाऊ. एकोणिसाव्या शतकात आपल्या भागातल्या बाईला छातीत गाठ आली तर ती दाखवायची कुणाला? डॉक्टर पुरुष. परक्या पुरुषापुढे पदर बाजूला करायचा नाही, ही रीत. म्हणून बाई थांबायची. ते थांबणं उपचाराचं नव्हतं, लाजेचं होतं. गाठ फुटेपर्यंत, वास येईपर्यंत कुणाला कळायचं नाही.

ही लाज ओळखून ज्या बायका पुढे आल्या, त्या आपल्याच आसपासच्या. आनंदीबाई जोशी माहेरच्या कल्याणच्या. तेव्हा कल्याण आणि वसई एकाच ठाणे जिल्ह्यात होते. आपला पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. बाईला बाईच डॉक्टर मिळायला हवी म्हणून आनंदीबाई समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी क्षयाने त्या गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याच १८८६ साली मुंबईत बायका आणि मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. इडिथ पीची या इंग्लंडहून आलेल्या डॉक्टरबाईंनी ते सांभाळलं. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेला त्यांनी कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. आपल्या विरारवरून जाणारे रूळच सुरतेला जातात, हे ध्यानात ठेवा.

दाखवायला बाई डॉक्टर मिळू लागली. पण या आजारासाठी खास दवाखाना नव्हता. लेडी मेहरबाई टाटा या बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या. बालविवाह रोखणाऱ्या शारदा कायद्याच्या वेळीही त्यांचा सल्ला घेतला गेला होता. १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटाही गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला हॉस्पिटल उभारलं, तेच टाटा मेमोरियल. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते ८० खाटांनिशी सुरू झालं. आज आपल्याकडच्या बायका विरार लोकलने दादरला उतरून जिथे जातात, ते हेच.

आता फोटोकडे येऊ. १८९५ मध्ये जर्मनीत रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. हाडं दिसू लागली. पण स्तनात हाड नाही. सगळं मऊ मांस, चरबी आणि दुधाच्या गाठी. तिथे काय दिसणार? १९१३ मध्ये बर्लिनच्या अल्बर्ट सालोमन या सर्जनने ऑपरेशन करून काढलेल्या सुमारे ३००० स्तनांचे फोटो काढून पाहिले. आजार कसा दिसतो, कसा पसरतो, याच्या खुणा त्यांना फोटोत दिसल्या. १९४९ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात राउल लेबोर्न यांनी दाखवून दिलं की स्तन दाबून सपाट केला तर फोटो स्वच्छ येतो आणि चुन्याचे बारीक कणही दिसतात. मॅमोग्राफीच्या वेळी मशीन छाती दाबते, दुखतं, आपण चिडतो. ते दाबणं उगाच नाही, त्याचं मूळ तिथे आहे. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात तपासणी केली तर दुखणं कमी होतं, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

१९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० बायकांवर मोठा अभ्यास सुरू झाला. निम्म्या बायकांची दरवर्षी डॉक्टरांच्या हाताने तपासणी आणि मॅमोग्राफी झाली. त्या गटात स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले. मग मॅमोग्राफी जगभर पसरू लागली.

आणि इथेच नवी अडचण उभी राहिली. डोळ्याला दिसत नव्हतं तेव्हा प्रश्नच नव्हता. आता फोटोत सावल्या दिसू लागल्या, ठिपके दिसू लागले. त्यातले बहुतेक निरुपद्रवी. पाण्याची गाठ असते, फायब्रोअडेनोमा नावाची साधी गाठ असते, तरुण बाईचा स्तन घट्ट असतो म्हणून फोटो पांढराफटक येतो. पण फोटोवरून प्रत्येक वेळी नक्की सांगता येत नाही. मग काय करायचं?

त्या काळी करायचे ते ऐका. गाठीची शंका आली की बाईला भूल द्यायचे. गाठीचा तुकडा काढून तिथल्या तिथे तपासायचे. कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत पूर्ण स्तन, खालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकायचे. झोपताना बाईला माहीत नसायचं की उठल्यावर आपली छाती असेल की नसेल. तिला विचार करायला, घरच्यांशी बोलायला एक दिवसही मिळायचा नाही.

हे बदललं ते एका बाईने धरलेल्या हट्टामुळे. रोझ कुशनर ही अमेरिकेतली पत्रकार. १९७४ मध्ये तिला स्वतःला गाठ लागली. ती म्हणाली, आधी फक्त तुकडा काढून तपासा. मला जागं होऊ द्या, मग पुढचं माझ्याशी बोलून ठरवा. असं करायला तयार होणारा सर्जन शोधताना तिला कितीतरी नकार ऐकावे लागले. तिने त्यावर पुस्तक लिहिलं, सभांमध्ये उभी राहिली. १९७९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने तज्ज्ञ बोलावले. त्यांच्यात रोझ कुशनरही होती. त्यांनी सांगितलं की तपासणी आणि ऑपरेशन या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवाव्यात. आज आपल्याला आधी सुईची तपासणी, मग रिपोर्ट, मग चर्चा असा वेळ मिळतो, तो अशा बायकांनी मिळवून दिलेला आहे.

पण एक गोष्ट उरली होती. प्रत्येक सावलीत सुई घालायची का? हजारो बायकांना सुई, खर्च, भीती, आणि शेवटी निघणार साधी गाठ. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर एडवर्ड सिकल्स यांनी वेगळा मार्ग धरला. ज्या गाठी फोटोत गोल, गुळगुळीत, निरुपद्रवी वाटतात, पण शंभर टक्के खात्री नाही, त्यांना सुई न लावता ठरावीक वेळाने पुन्हा फोटो काढून पाहायचं. १९९१ मध्ये त्यांनी ३१८४ केसेसचा हिशोब छापला. त्यात कॅन्सर निघाले १७. म्हणजे साधारण २०० मध्ये एक. आणि त्या सतरांतले बहुतेक पुढच्या फोटोत झालेल्या बदलावरून सापडले, गाठ हाताला लागायच्या आधी.

आता आपलं वाक्य कुठून आलं ते कळलं ना? 'सहा महिन्यांनी परत या' म्हणजे डॉक्टरांनी टाळलं असं नाही. तो एक मोजून काढलेला मार्ग आहे. पण त्या हिशोबाला एक अट आहे, ती म्हणजे बाई खरंच परत आली पाहिजे. परत न येणाऱ्या बाईसाठी तो हिशोब लागू नाही. भाताच्या रोपावर एखादा डाग दिसला तर आपण अख्खं शेत उपटत नाही. पण चार दिवसांनी बांधावर जाऊन पुन्हा पाहतोच. तसंच हे.

पूर्वी प्रत्येक डॉक्टर आपापल्या शब्दांत रिपोर्ट लिहायचा. एकाचं 'शंकास्पद' म्हणजे दुसऱ्याचं 'बहुधा ठीक'. हा गोंधळ संपवण्यासाठी अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने १९९३ मध्ये आकड्यांची पद्धत छापली. तिचं नाव बायरॅड्स. आपल्याकडच्या रिपोर्टवरही हा शब्द आणि पुढे एक आकडा असतो. पेन्सिल घ्या आणि लिहून ठेवा.

० म्हणजे तपासणी अपुरी. आणखी फोटो, सोनोग्राफी किंवा जुने फोटो हवेत. शून्य पाहून 'काही नाही' असं समजू नका, आणि घाबरूही नका.
१ म्हणजे काही आढळलं नाही.
२ म्हणजे काहीतरी आहे, पण निरुपद्रवी आहे.
३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी. कॅन्सर निघण्याची शक्यता १०० मध्ये २ पेक्षा जास्त नाही. साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दोन वर्षांनी पुन्हा पाहायचं. दोन वर्षं बदल झाला नाही तर ती गाठ निरुपद्रवीत धरतात.
४ म्हणजे शंका आहे, सुईने तुकडा काढून तपासायला हवा. यातही पुष्कळांचं साधं निघतं.
५ म्हणजे दाट शंका. वेळ घालवू नये.
६ म्हणजे कॅन्सर आधीच तपासून सिद्ध झालेला आहे.

तीन आणि चार यांत फरक आहे, तो नीट पाहा. तीनला थांबता येतं. चारला सहा महिने थांबायचं नाही. आणि सुई लावली की आजार अंगभर पसरतो, असं गावोगाव बोललं जातं, त्यावर विश्वास ठेवू नका. सुईची तपासणी हाच निदानाचा रस्ता आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे एवढ्या मशिनी आहेत कुठे? बरोबर आहे. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात दिसतो, आणि कमी वयात मॅमोग्राफीला नीट दिसत नाही. म्हणून टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी वेगळा प्रश्न विचारला. मशीन नसेल तर शिकवून तयार केलेल्या बाईचे हात चालतील का? १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये अभ्यास सुरू झाला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका, २० वस्त्या. निम्म्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासली, गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी केली. अशा चार फेऱ्या झाल्या. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये छापून आला. तपासणी झालेल्या बायकांत आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर सापडण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

या अभ्यासाचं श्रेय डॉक्टरांना आहे. पण ते त्या सेविकांनाही आहे, ज्या दर दोन वर्षांनी त्याच दारात पुन्हा गेल्या. आणि त्या बायकांनाही आहे, ज्यांनी पुन्हा दार उघडलं. परत जाणं आणि परत येणं, या दोन गोष्टींवरच सगळं उभं राहिलं.

२०१६ पासून सरकारच्या नियमावलीत ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी छातीची हाताने तपासणी ठरली आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, उपकेंद्रावर नर्सताई तपासतात, शंका आली तर पुढे पाठवतात. त्या पुढच्या चिठ्ठीपासून आपली खरी कसोटी लागते. चर्चगेट ते विरार साधारण ६० किलोमीटर. आपल्या बायकांना हा प्रवास नवा नाही. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली. १९९२ मध्ये बायकांची खास लोकल निघाली, ती पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. फुलं, भाजी, मासळी घेऊन आपल्या आयाआज्या त्या गाड्यांनी गेल्या. गिऱ्हाइकासाठी गाडी कधी चुकवली नाही. स्वतःसाठी मात्र 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो.

यात खरी अडचण आहे, ती आम्ही नाकारत नाही. दिवसाची मजुरी बुडते. घरचा माणूस विचारतो, दुखत नाही तर जातेस कशाला? म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सहा महिन्यांनी येणं जमणार नाही असं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना तेव्हाच तोंडावर सांगा. 'मॅडम, मला परत येता येईल की नाही सांगता येत नाही, आत्ताच सुईची तपासणी करता येईल का?' असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरही तो विचार करतात. गप्प मान हलवून घरी येण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि सहा महिने म्हणजे डोळे मिटून बसायचं नाही. गाठ वाढली, कातडी आत ओढली गेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ लागली, तर तारखेची वाट न पाहता लगेच जायचं.

मनाचं काय? डेन्मार्कमध्ये संशोधकांनी अशा बायकांना विचारलं, ज्यांच्या मॅमोग्राफीत शंका निघाली आणि शेवटी काही नव्हतं. २०१३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की तीन वर्षांनंतरही त्यांच्या मनावर त्या दिवसांचा भार होता. म्हणजे 'काही नाही निघालं ना, मग कशाला रडतेस?' हे बोलणं बरोबर नाही. शंकेचा भार खरा असतो. शेजारणीला झोप लागत नसेल, स्वयंपाकात मीठ दोनदा पडत असेल, तर तिला भित्री म्हणू नका. तिला विचारा, तारीख कधीची आहे?

आता आपल्या गटाने काय करायचं ते. प्रत्येकीचे फोटो, सीडी आणि रिपोर्ट एका पिशवीत ठेवायचे. जुना फोटो नसेल तर नवा फोटो कशाशी ताडून पाहणार? ही पिशवी रेशनकार्डाइतकीच जपायची. रिपोर्टवरचा आकडा आणि पुढची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहायची, आणि बाईची तयारी असेल तर गटाच्या वहीतही. तिची तयारी नसेल तर तिचं नावही बैठकीत काढायचं नाही. ज्या दिवशी जायचं, त्या दिवशी सोबत एक मैत्रीण. तिने प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून घ्यायची, कारण घाबरलेल्या माणसाला निम्मं ऐकू येत नाही. गाडीभाड्यासाठी गटातून लहान उचल द्यायची ठरवलीत तर उत्तम. बी-बियाण्याला देतो, मग तपासणीला का नाही?

दीडशे वर्षांत थांबण्याचा अर्थ बदलत गेला. आधी बाई लाजेने थांबायची. मग भीतीने थांबायची. आता आकडा माहीत असून, तारीख माहीत असून थांबता येतं. हे शेवटचं थांबणं शहाणपणाचं आहे, पण ते तारखेलाच संपलं पाहिजे.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री कामं आटोपली की कपाट उघडा. साडीखालचा कागद बाहेर काढा, आकडा पाहा, तारीख पाहा. तारीख पुढे असेल तर कॅलेंडरवर लिहा. उलटून गेली असेल तर उद्या आशाताईंना भेटा. पुढच्या बैठकीत आम्ही वही घेऊन येतोच आहोत. नमस्कार.